नावामागचा 'क'

नगरपालिकेनं यादी धाडली आहे. अठरा नावं.
काळा दगड, दोन मीटर बाय एक.
अक्षरं चार सेंटिमीटर, खोली तीन मिलिमीटर,
वर ठळक: आर्बेल्झूची मोठी माणसं.
खाली किती जागा सोडायची ते लिहिलेलं नाही.

बाप माझा थडगी कोरायचा.
म्हणायचा, मेलेल्यांना घाई नसते,
घाई असते ती पैसे देणाऱ्यांना.
छिन्न्या त्याच्याच आहेत. मूठ मी बदलली, माझा हात लहान.

पहिलं नाव दोनातो इकाझुरियागा.
दोनशे किलोचा दगड खांद्यावर,
जत्रेच्या चौकात, एका दमात सात वेळा.
पिठाचं पोतं माळ्यावर कोण चढवायचं
ते त्याच्या बायकोला विचारा.

मग एउलोखिओ.
विषय कुठलाही द्या, मेलेली गाय, नवा पाद्री, गळकं छप्पर,
हा डोळे मिटायचा आणि उभ्या उभ्या कवन रचायचा.
आधी शेवटची ओळ पक्की,
मग तिथवर जाणारी वाट.
दुसऱ्या दिवशी त्याला स्वतःचं एक अक्षर आठवत नसे.
जे उरलंय ते गुत्त्यातल्या पोरीनं
उधारीच्या वहीत उतरवलेलं:
दोन पेले सायडर, एक कडवं, बाकी येणे.

गार्बिन्ये ओलास्कोआगा एकोणिसाव्या वर्षी गेली.
चिलीच्या वाळवंटात, डोंगरावर, ताऱ्यांचं वजन काढते.
मोठी यंत्रं आहेत म्हणे. पण तिनं भावाला लिहिलं होतं,
आकडा मनात आला की आजही विसांतच येतो,
चार विसा आणि सात,
आजी अंडी मोजायची तसा.

बाकीची नावं भराभर कोरली.
एक वल्हेकरी, एक बिशप, माशाचं कालवण
पॅरिसला नेऊन महाग करणारा एक आचारी.
बिशपाच्या आडनावात अक्षरं फार. दोन दिवस गेले.

मामाचं नाव नाही. लेओन्त्सिओ.
तो नेवाडात मेंढ्या राखायचा, महिनोन्‌महिने एकटा,
अ‍ॅस्पेनच्या पांढऱ्या सालीवर
चाकूच्या टोकानं नुसती एक बारीक रेघ ओढायचा.
त्या दिवशी काहीच दिसायचं नाही.
झाड वाढेल तशी जखम काळी पडत रुंदावायची
आणि दहा वर्षांनी नाव उमटायचं.
माझ्या धंद्यातला एवढा हुशार माणूस मी पाहिला नाही.
मी दगडावर बळ लावते. त्यानं झाडाला लिहू दिलं.

आईचंही नाव नाही.

आमच्या भाषेत जो काही करतो
त्याच्या नावाच्या टोकाला एक 'क' चिकटतो.
दोनातोनं दगड उचलला, तर 'क'.
दोनातो आला, राहिला, मेला,
तिथे नाव उघडंच.
जन्माला 'क' नाही. मरणालाही नाही.
मधल्या खटाटोपापुरताच तो.
आणि गंमत बघा, झोपेला लागतो.
आम्ही झोपत नाही, झोप 'करतो'.
घोरणारा बिशपही कर्ता.

आई चाळीस वर्षं धक्क्यावर बसून
फाटकी जाळी सांधायची.
बोटांत सुई, दातांत दोरा, थंडीत पायाशी निखाऱ्याचा डबा.
अख्ख्या गावानं खाल्लेला मासा
कधी ना कधी तिच्या गाठीत अडकलेला.
सांधण्याला 'क' लागतो.
मी सचिव आनाक्लेतोंना हे व्याकरण समजावून पाहिलं.
ते म्हणाले, ठराव अठरांचाच झालाय.

काल ते पाहायला आले.
अठरा नावं, सरळ ओळीत, कड घासलेली.
खाली चार ओळींची जागा कोरी.
हे काय, म्हणाले.
मी म्हटलं, दगडाला श्वास लागतो, ओल सुटायला.

खोटंच.
पण बापाकडून आलेलं खोटं.
नवऱ्याच्या थडग्यावर बायकोच्या नावापुरती जागा सोडताना
तो घरच्यांना हेच सांगायचा,
आणि छिन्नी पुसून ठेवायचा.